किर्लोस्कर रोडवर सायकललाही जागा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावच्या बाजारातल्या एका गल्लीत माझ्या सायकलसमोर उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. डाव्या हाताला ओळीनं लावलेल्या चारचाकी, उजव्या हाताला मालाचे टेम्पो आणि मधल्या हातभर बोळातून मी चाललेलो. दाराची कड हँडलला लागली आणि मी उजवीकडे, म्हणजे ऐन रस्त्यात पडलो. मागच्या टेम्पोवाल्यानं वेळेत ब्रेक दाबला म्हणून हे पत्र लिहितो आहे. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मोटारवाला मुलगा भला होता, त्यानंच मला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी घरी येऊन विचारपूसही केली. त्यानं आरशात पाहिलं नाही एवढीच त्याची चूक. पण मी तरी त्या दाराला इतका चिकटून का चाललो होतो? कारण मला दुसरी जागाच नव्हती.

उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत मी बत्तीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने बनवले. वडगावहून रोज सायकलनं जायचो. शिफ्ट सुटली की मजगाव, अनगोळ, येळ्ळूर, देसूरच्या वाटेला सायकलींची रांग लागायची, कॅरिअरला जेवणाचा डबा आणि पावसात डोक्यावर प्लास्टिकचा कागद. ती रांग आता पार विरळ झाली, पण संपलेली नाही. आजही पहाटे दुधाच्या किटल्या सायकलवरून शहरात येतात. बाजारात मापाडी, हमाल, शिंपी, दुकानातली पोरं सायकलवरच येतात. ही माणसं कधी निवेदन देत नाहीत, म्हणून रस्त्याची आखणी करताना कुणाला त्यांची आठवण होत नाही.

ज्या किर्लोस्कर रोडविषयी मी लिहितो आहे त्याच्या नावातच सायकल आहे, याचं मला फार वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली उद्योगाला सुरुवात केली ती बेळगावात, सायकलच्या दुकानानं. स्वतः मुंबईत शिकवायचे आणि इथे बंधू रामूअण्णा दुकान सांभाळायचे. नांगर, चरक सगळं त्यानंतरचं. पुढे १९१० साली त्यांना इथून जागा सोडून औंध संस्थानात जावं लागलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. शहरानं मागे ठेवलं ते रस्त्याला त्यांचं नाव. आज शनिवारी सकाळी अकरा वाजता त्या रस्त्यावरून सायकल हातात धरून चालत नेणंही अवघड आहे.

मी मोटारीच्या विरोधात नाही. माझ्या मुलाकडे चारचाकी आहे. पत्नीच्या गुडघ्यांमुळे तिला दवाखान्यात न्यायचं तर मोटारच लागते आणि दवाखान्याच्या दारापासून दोन गल्ल्या लांब गाडी लावावी लागली की काय हाल होतात ते मी पाहतो. खानापूर, चंदगड, सावंतवाडी, गोव्याकडून लग्नाचा बस्ता बांधायला येणारी कुटुंबं आपल्या बाजाराचा कणा आहेत, ती काही सायकलवर येणार नाहीत. त्यांना गाडी लावायला जागा मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की आज ती जागा त्यांनाही मिळत नाही.

प्लास्टर असताना मला दुसरं काम नव्हतं. ओळखीच्या एका दुकानाच्या पायरीवर मी सलग काही दिवस जाऊन बसलो. सकाळी दहाला दुकानं उघडताना ज्या मोटारी येऊन लागल्या, त्यातल्या कितीतरी संध्याकाळी पाचलाही तिथेच होत्या. त्यांतून उतरणारी माणसं गिऱ्हाईक नव्हती. शटर वर करणारे मालक होते, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसातले लोक होते. बाहेरगावची गाडी यायची, हळूहळू पुढे सरकायची, जागा नाही म्हणून वळसा घालून पुन्हा यायची. तिसऱ्या वळशाला ती दुहेरी रांगेत उभी राहायची आणि मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू. व्यापारी बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे, एक दिवस असंच पायरीवर बसून बघा. गिऱ्हाइकाची जागा सायकलवाल्यानं घेतलेली नाही.

हे दुखणं फक्त बेळगावचं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पॅसाडिना नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या बाजारातही दुकानातलीच माणसं मोक्याच्या जागा दिवसभर अडवून बसत. १९९३ साली तिथे रस्त्यावर पार्किंगचे मीटर बसवले. व्यापाऱ्यांचा आधी विरोध होता. मग ठरलं की मीटरचा पैसा त्याच बाजारातल्या पदपथावर, दिव्यांवर, झाडांवर खर्च करायचा. बाजार पुन्हा भरभराटीला आला. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. त्यांचा हिशोब सोपा आहे: दर एवढा ठेवा की रस्त्यावरच्या सात-आठ जागांमागे एक कायम रिकामी राहील. मग येणाऱ्याला वळसे घालावे लागत नाहीत. दिवसभर गाडी ठेवणारा आपोआप वाहनतळावर जातो. आपल्याकडे बापट गल्लीत वाहनतळ आहेच, पण रस्ता फुकट असताना पैसे मोजून तिथे कोण जाईल?

आता जागेचं गणित. एक मोटार लावायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा जाते. तेवढ्यात आठ-दहा सायकली सहज उभ्या राहतात. सायकल चालवायला दोन मीटरचा पट्टा पुरतो, म्हणजे रस्त्याच्या एका बाजूची पार्किंगची रांग उचलली की तो पट्टा तयार. किर्लोस्कर रोडवर एकाच बाजूला मोटारी लावू द्या, त्यांना तासावर पैसे लावा, दुसरी बाजू सायकल आणि पायी चालणाऱ्यांना द्या. वृद्ध आणि अपंगांसाठी दोन-चार जागा राखून त्या फुकट ठेवा. मालाच्या टेम्पोंना सकाळी दहाच्या आत वेळ द्या. काँग्रेस रोडसारख्या रुंद रस्त्यावर तर मोटारी काढायचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली नाइन्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावर तिथल्या पालिकेनं नुसता क्रम बदलला. पदपथाला लागून सायकल, मग उभ्या मोटारी, मग धावती वाहनं. उभ्या मोटारीच सायकलची भिंत झाल्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि बहुतेक गाड्यांत तो एकटाच असतो. म्हणजे सायकलच्या बाजूचं दार क्वचितच उघडेल. त्यात मधे मीटरभर मोकळा पट्टा सोडला की माझ्यासारखा कुणी पडणार नाही.

नुसता रंग मारून मात्र भागणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्ही आनंदलो होतो. पुढे काही रस्त्यांच्या कडेला सायकल ट्रॅकही झाले. आज त्यांच्यावरून जाऊन पाहा. बुलेट उभी, भाजीची हातगाडी उभी, कुठे वाळूचा ढीग. मोटार चढणार नाही असे दगडी खुंट हवेत आणि त्यांची निगा राखणारं कुणीतरी हवं.

कर्नाटक सरकारनं २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. आमच्या शेजारची मुलगी त्या सायकलवर शिकली आणि आज नर्स आहे. ती योजना पुढे थांबली, ती पुन्हा सुरू व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण वडगावहून बाजारातून जाणाऱ्या रस्त्यानं तेरा वर्षांच्या नातीला सायकलवर पाठवायची माझी आज छाती होत नाही. तिच्याकडे सायकल आहे. ती जिन्याखाली उभी आहे आणि नात रिक्षानं शाळेत जाते.

मोटारवाल्या वाचकांना एक सांगतो, यासाठी कुठल्याही योजनेची वाट बघायला नको. गाडी थांबवली की दार उजव्या हातानं उघडू नका, डावा हात पुढे आणून उघडा. अंग आपोआप वळतं आणि मान मागे जाते. त्या क्षणी मागून येणारी सायकल दिसते. घरात करून बघा. माझ्या मुलाला सवय व्हायला आठवडा लागला.

महापालिका आणि वाहतूक पोलिसांना माझी विनंती आहे की गणेशोत्सवाची गर्दी सुरू होण्याआधी किर्लोस्कर रोडवर तीन महिन्यांसाठी हा प्रयोग सुरू करावा. व्यापाऱ्यांना आधी बोलावून त्यांचं ऐकावं, पार्किंगचा पैसा त्याच रस्त्यावर खर्च करण्याचं लेखी द्यावं. आधी आणि नंतर गाड्या, सायकली, गिऱ्हाइकं मोजायला माणसं कमी पडत असतील तर उद्यमबागेतले आम्ही सात-आठ निवृत्त कामगार वही-पेन घेऊन सकाळी नऊपासून बसायला तयार आहोत. पायरीवर बसायची मला आता सवय झाली आहे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक
वडगाव, बेळगाव