सहा नाणी

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, बाबांचा प्रश्न. तुमच्याकडे साडेनऊला मी ऑनलाइन दिसते, म्हणजे इथे जपानात रात्रीचा एक वाजलेला असतो. बाबांचा हा हिशेब कधी चुकत नाही. "एवढं जागून काय लिहितेस? ऑफिस घरी आणू नकोस." ऑफिसचं नाही हो, बाबा. काम पोरकट वाटेल म्हणून फोनवर टाळलं होतं.

शनिवारी आम्ही पाच जण कागद आणि फासे घेऊन एक खेळ खेळतो. देश काल्पनिक, सामुराईंचा. डोंगरात राक्षस, नदीत भुतं. प्रत्येकानं त्या देशातलं एक सरदार घराणं रचायचं आणि त्याची बखर लिहायची. मी त्या बखरीत अडकले आहे. माझं घराणं एका घाटाच्या तोंडाशी राहतं. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये, म्हणजे दळणाऱ्या जात्यात. युद्ध आलं की त्यांच्यातला एक जण पलीकडच्या बाजूला जातो. आणि जेवताना एक ताट कायम जास्तीचं वाढलेलं असतं, गेलेल्याचं. मित्र म्हणाले, राक्षस कुठाय? म्हणून नाइलाजानं एक कोल्हीण घातली आहे, ती त्या ताटातलं जेवून जाते. घराण्याला नाव अजून सापडलेलं नाही.

खरं सांगायचं तर हे घराणं मी उचललं आहे, ते इथल्याच सानादा या सरदार घराण्यावरून. मी राहते त्या उएदाच्या स्टेशनावरसुद्धा त्यांची सहा नाणी आहेत, तीन-तीनच्या दोन ओळी. हे त्यांचं निशाण. मेल्यावर नदी ओलांडायची तर नावाड्याला द्यायचे हे पैसे. आई, आजीच्या वेळी गुरुजी वैतरणीचं सांगत होते ना, गाईच्या शेपटीला धरून पार व्हायचं ते? इथे गाय नाही, रोख मोजावी लागते. आणि हे लोक ती रोख झेंड्यावर लावून लढाईला जायचे, म्हणजे परतीचा विचार घरीच ठेवून.

आधी ते ताकेदा शिंगेन या मोठ्या सरदाराच्या पदरी होते. 1575 च्या नागाशिनोच्या लढाईत थोरले दोघे भाऊ पडले आणि तिसरा, मासायुकी, गादीवर आला. 1582 मध्ये ताकेदाच बुडाले. मग या माणसानं इतके धनी बदलले की मी वहीत बाण काढून ठेवले आहेत. 1583 पासून त्यानं उएदाचा किल्ला बांधायला घेतला. दोनच वर्षांनी बलाढ्य तोकुगावा घराण्याचे सात हजार लोक चालून आले आणि मार खाऊन परतले. किल्ला लहान आहे, बाबा. आपल्या अजिंक्यताऱ्याची चढण डोक्यात ठेवून आलात तर हसाल.

पण मला जागवते ती 1600 सालची गोष्ट. मासायुकी आणि त्याचे दोन मुलगे तोकुगावांच्या फौजेबरोबर निघाले होते. वाटेत इनुबुशी नावाच्या गावी इशिदा मित्सुनारीचं पत्र पोचलं, तोकुगावांच्या विरुद्ध उभे राहा असं. तिघं बसून बोलले. थोरला नोबुयुकी तोकुगावांकडे राहिला. बाप आणि धाकटा नोबुशिगे इशिदाच्या बाजूला गेले. कुणीही जिंको, घर तरावं म्हणून बापानं ठरवून केलेली वाटणी, असं इथे सगळे कौतुकानं सांगतात. मला ते पुढे रचलेलं वाटतं. थोरल्याची बायको तोकुगावांचा सेनापती होंडा तादाकात्सु याची मुलगी, धाकट्याची इशिदाच्या दोस्ताची, ओतानी योशित्सुगुची. जो तो आपल्या सासरकडे गेला, एवढंच. बाबा म्हणतील, कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडलं तसं कुणी केलं का? नाही केलं. यांनी वतन राखलंच, फक्त त्यासाठी घर फाडलं.

नंतर बापानं उएदात तोकुगावा इएयासुचा मुलगा हिदेतादा याच्या 38,000 लोकांना असं अडकवलं की तो सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईला पोचलाच नाही. पण ती लढाई त्याच्यावाचूनही तोकुगावांनी जिंकली. थोरल्यानं आणि त्याच्या सासऱ्यानं रदबदली केली म्हणून बाप-भावाचे जीव वाचले. त्यांना कोया पर्वताखाली कुदोयामा गावी धाडलं. मुलांची आई मात्र थोरल्याकडेच राहिली. बाप 1611 मध्ये तिथेच वारला. नवरा-बायकोची गाठ पुन्हा पडली नाही.

थोरल्याच्या नावात बापाच्या नावातलं एक अक्षर होतं, 'युकी', म्हणजे सुदैव. त्यानं ते बदलून दुसरं घातलं, तोकुगावांना खुपू नये म्हणून. उच्चार मात्र तोच. हाक मारली तर जुनंच नाव, कागदावर नवं. यावर मी दोन रात्री घालवल्या.

धाकटा जगप्रसिद्ध झाला. 1615 मध्ये ओसाकाला थेट इएयासुच्या छावणीपर्यंत धडकला आणि त्याच दिवशी मेला. लोक त्याला युकिमुरा म्हणतात. ते नाव त्याच्या हयातीतल्या कागदांत नाही, पुढच्या लढाईकथांनी ठेवलेलं आहे. मला तो ओसाकापेक्षा कुदोयामाच्या पत्रांत जास्त भेटतो. एका पत्रात लिहितो, दात पडले, दाढीत काळं फारसं उरलं नाही. दुसऱ्यात दारू मागवतो आणि वर बजावतो, बुधल्याचं तोंड कागदानं नीट बंद करून पाठवा.

आणि थोरला? तो 1622 मध्ये मात्सुशिरोला गेला, नव्वदी ओलांडून 1658 मध्ये वारला. घराणं तिथे सामुराईंची राजवट संपेपर्यंत टिकलं. त्याच्यावर फार कुणी गोष्टी रचल्या नाहीत. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "बरोबर आहे, घरी राहणाऱ्याचं कौतुक कोण करतं?" हसत म्हणाला, पण मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले होते. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तोच होता. मी व्हिडिओवर होते.

बखरीतला जास्तीच्या ताटाचा परिच्छेद त्या रात्री लिहिला.

बाबा, घराण्याला नाव सुचवा. डोंगरातलं हवं, बोलायला सोपं. आणि आई, मे महिन्यात ओळखीतलं कुणी येणार आहे म्हणालीस, त्यांच्या हाती लिंबाचं लोणचं दे. गेल्या वेळी तेल सगळ्या पुस्तकांना लागलं होतं. बरणीचं तोंड आधी कागदानं, मग चिकटपट्टीनं नीट बंद कर.

तुमची,
लेक