चि. मुक्तास पत्र : दुरुस्तीचा अधिकार कोणाचा?

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा सावकाश वाचून काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 मार्च 2020 च्या निकालावरचे प्रकरण मला सर्वांत भक्कम वाटले. रिझर्व्ह बँकेने 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले आणि न्यायालयाने ते रद्द केले, एवढेच बहुतेक जण लिहितात. असा आदेश काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला आहे हे न्यायालयाने मान्य केले होते, आणि आपल्या नियंत्रणाखालील संस्थांचे काही नुकसान झाल्याचे ती दाखवू न शकल्यामुळे परिपत्रक प्रमाणशीरतेच्या, म्हणजे निर्बंध कारणाच्या मानाने अवाजवी तर नाही ना या, कसोटीवर टिकले नाही, हे तू नेमके मांडले आहेस. त्या प्रकरणाला आता हात लावू नकोस.

माझे म्हणणे चौथ्या प्रकरणाविषयी आहे. ब्लॉकचेनवरील, म्हणजे अनेक संगणकांवर एकमेकींना साखळीसारख्या जोडून ठेवलेल्या नोंदींच्या वहीतील, नोंद बदलता येत नाही, म्हणून जमिनीचे अभिलेख तिच्यावर ठेवावेत, अशी शिफारस तू केली आहेस. जमिनीचे दावे चालवण्यात माझी वकिली गेली. नोंदीत कोणी नंतर खाडाखोड केली म्हणून आलेले पक्षकार मी पाहिले. पण त्याहून कितीतरी अधिक आले ते नोंद जशीच्या तशी शाबूत होती, मात्र मुळातच चुकीची होती म्हणून. बाप वारल्यावर वारस नोंदीत भावांची नावे लागली आणि बहिणींची लागलीच नाहीत, हे तर नेहमीचे. तलाठ्याने धरलेला फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला, की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, आणि सिद्ध करण्याचा भार वगळलेल्या बहिणीवर पडतो. हीच नोंद ब्लॉकचेनवर गेली, तर ती पुढे कोणी बदलली नाही एवढेच कळेल; ती करताना कोणाला वगळले, हे कळणार नाही.

2022 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात जातीची प्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले गेले, त्याचा उल्लेख तू एका ओळीत केला आहेस. त्याला पाने दे. बनावट कागद ओळखण्यासाठी ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु जातीचा दावाच खोटा निघाला, तर प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार 2000 च्या कायद्याने पडताळणी समितीला दिलेला आहे. समितीच्या आदेशानंतर साखळीवर ते रद्द झाल्याचे कोणी नोंदवायचे, किती मुदतीत नोंदवायचे, आणि न नोंदवल्यास जबाबदार कोण, याची उत्तरे कायद्याच्या अभ्यासकाने शोधायची आहेत.

जुनी नोंद न पुसता नवी जोडता येते, असे तंत्रज्ञ तुला सांगतील. ते खरे आहे. आपली फेरफार नोंदवहीही तशीच चालते. तरीही ती जोडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उरतोच. 2016 च्या जूनमध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या ‘द डाओ’ नावाच्या सामायिक गुंतवणूक निधीतून सुमारे 36 लाख ईथर (इथेरियमचे आभासी चलन) वळवले गेले, तेव्हा जुलैमध्ये इथेरियमची साखळी दुभंगवून ते परत मिळवण्यात आले, आणि ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनी साखळी इथेरियम क्लासिक म्हणून चालू ठेवली. दुरुस्ती झाली, पण ती करणाऱ्यांवर कोणाचे अपील चालत नव्हते. मंडळ अधिकाऱ्याच्या निर्णयावर प्रांताकडे अपील चालते. तुझ्या तुलनेचा कणा हा असावा, असे मला मनापासून वाटते. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यातील कलम 12, ज्यात दुरुस्तीचा आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, तेही इथेच आण. सध्या ते परिशिष्टात पडून आहे.

शिफारस काढून टाक असे मी म्हणत नाही. दुरुस्तीची आणि अपिलाची व्यवस्था आधी लिही आणि शिफारस तिच्या अटीवर ठेव. वारस नोंदींच्या अपिलांतले काही निकाल मी पक्षकारांची नावे झाकून पाठवत आहे. मार्गदर्शकांना मसुदा देण्यापूर्वी ते वाच.

तुझी,
आई