कपाटात पडून असलेले ड्राय फायरचे साहित्य मंडळाला द्या

नेमबाज मित्रमैत्रिणींनो, माजी खेळाडूंनो आणि पालकांनो,

आपल्या नेमबाजी मंडळात नव्याने पिस्तूल हाती घेणारी मुलेमुली वाढली आहेत, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण लेनवर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ थोडा, छर्रे आणि काडतुसेही मोजकीच. त्यामुळे त्यांची सगळी भिस्त ड्राय फायरवर, म्हणजे गोळी न भरता रिकाम्या पिस्तुलाने केलेल्या सरावावर आहे आणि त्याचे साहित्य अपुरे पडते आहे.

गोळी सुटली की नव्या नेमबाजाची नजर लगेच टार्गेटकडे धावते आणि मनगट नेमके कधी हलले ते धक्क्यात झाकले जाते. रिकाम्या पिस्तुलात ते झाकले जात नाही. बोटाने ट्रिगर कडेला ओढला तर फ्रंट साइट (नळीच्या टोकाजवळची नेमखूण) मागच्या खाचेत एका बाजूला सरकलेली स्वच्छ दिसते. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिमी व्यासाचे असते. तिथे तेवढे सरकणेही महागात पडते.

सर्वांत जास्त निकड आहे पॉइंट टू टू (.२२) पिस्तुलाच्या स्नॅप कॅपची, म्हणजे सरावाच्या नकली काडतुसांची. पॉइंट टू टूच्या खऱ्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, त्यामुळे फायरिंग पिन कडेवरच आदळते. चेंबर (काडतूस बसते ती जागा) रिकामे असेल तर बऱ्याच पिस्तुलांत हा मार थेट चेंबरच्या काठावर बसतो. पिनचे टोक खराब होते, काठाला खाच पडते, मग काडतूस नीट बसत नाही. स्नॅप कॅप हा मार स्वतः झेलते, पण तिच्याही कडेवर खड्डे पडतात. ती फिरवत राहावी लागते आणि शेवटी टाकून द्यावी लागते. म्हणून कितीही आल्या तरी हव्याच आहेत. वापरलेल्या असतील तर कड पाहून द्या.

मॅच एअर पिस्तुलांत ड्राय फायरची सोय बहुधा असतेच. स्प्रिंग-पिस्टनच्या पिस्तुलावर मात्र आम्ही हा सराव करू देत नाही. पुढे छर्रा नसला की पिस्टन जोरात आपटतो.

सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून त्यात घालायची पट्टी) आणि ट्रिगर तपासण्याची ५०० व १००० ग्रॅमची वजनेही हवी आहेत. कोणाकडे नळीखाली बसवायचा इलेक्ट्रॉनिक ट्रेनर वापराविना पडून असेल, तर तो जरूर द्या. नेम कसा आत आला, कुठे थांबला आणि ट्रिगर सुटताना कुठे घसरला, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर दिसेल. छपाईची सोय असणाऱ्यांनी ५ मीटरसाठी निम्म्या आकाराची टार्गेट जाड, न चमकणाऱ्या कागदावर छापून द्यावीत; काळा गोल २९.७५ मिमीचा हवा.

पिस्तूल किंवा जिवंत काडतुसे कृपया आणू नयेत, ती स्वीकारली जाणार नाहीत. सरावाच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे, हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही.

साहित्य देणे शक्य नसेल तर वेळ द्या. सरावाआधी प्रत्येक चेंबर तपासायला आणि मुलांच्या मागे उभे राहून त्यांची ग्रिप पाहायला जाणत्या नेमबाजांची फार गरज आहे. वस्तू मंडळाच्या कार्यालयात सरावाच्या वेळेत द्याव्यात आणि प्रत्येक वस्तू कोणत्या पिस्तुलाला चालते, हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. प्रत्येक वस्तूची नोंद होईल व पोच मिळेल.

— कार्यकारिणी