अण्णा, अक्कलकोटला जाऊन आलो

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

परवाच्या गुरुवारी आईला घेऊन अक्कलकोटला जाऊन आले. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर झाले, पण आई एकदाही पुढच्या सीटला घट्ट धरून बसली नाही. येताना तर वाटेतलं वळसंग मागे पडेपर्यंत तिला मागच्या सीटवर गाढ झोप लागली होती. हे सांगायला लगेच तुमच्या दारात आले, तर कुलूप. शेजारच्या मावशी म्हणाल्या, लेकीकडे गेलेत, महिनाभर येणार नाहीत. तेवढं थांबवेना म्हणून लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

गेले सहा महिने आमची गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली की मागून दोन-तीनदा उसळत राहायची. आईच्या कमरेचं दुखणं जुनं आहे. प्रत्येक आदळ्याला ती डोळे मिटून घ्यायची आणि मला आरशात दिसायची. तिने गुरुवारची वारी बंद केली तेव्हा मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी खाली न वाकताच सांगितलं, चारही शॉकप (चाकांचे दणके जिरवणारे शॉक अॅब्सॉर्बर) बदला. तेवढे पैसे त्या महिन्यात नव्हते.

तुम्ही मात्र आधी वाकून पाहिलंत. मागच्या दोन्ही शॉकपवर तेल ओघळून त्यावर धुळीचा काळा चिकट थर बसला होता. तुम्ही ते फडक्याने लख्ख पुसलंत आणि म्हणालात, "चार दिवस चालव, मग बघू. नुसता ओलसरपणा असेल तर चालतंय. धार लागली असेल तर सील गेलं." चौथ्या दिवशी दोन्हीकडे ताजा ओघळ होता, पुढचे दोन्ही कोरडे. आत पिस्टन तेलातून बारीक भोकांवाटे वरखाली होतो, तेलाचा तो अडथळा स्प्रिंगची उसळी जिरवतो, आणि तेलच गेलं तर स्प्रिंग मोकाट सुटते, हे तुम्ही उंबऱ्यावर बसून पाण्याच्या पिचकारीने समजावलंत. इतकी वर्षं गाडी चालवतेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा, तुम्ही एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलाय. तुम्हाला ते काम तासाभराचं होतं. तरी पाना तुम्ही माझ्या हातात दिलात. एप्रिलचं ऊन चढायच्या आत म्हणून सकाळी सहाला सुरुवात केली, अंथरायला आमची विरलेली सोलापुरी चादर. बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवायला लावला होतात.

मी हँडब्रेक ओढला आणि जॅक लावायला निघाले, तेव्हा तुम्ही हात धरलात. "हँडब्रेक कुठल्या चाकांना लागतो, अम्मा?" मागच्या. आणि उचलायची होती मागचीच चाकं! ती हवेत गेली की हँडब्रेक असून नसल्यासारखा. मग तुम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला लावलीत, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावलेत आणि घरून आणलेल्या दोन घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, खाली ठेवल्यात. "जॅक फक्त उचलायला. धरायला घोडी." गाडी घोड्यांवर टेकल्यावर तुम्ही ती स्वतः हलवून पाहिलीत, मगच मला खाली जाऊ दिलंत. त्या दिवशीचं बाकी सगळं विसरले तरी हे विसरणार नाही.

शॉकप सुटला की मागची चाकं जोडणारा अॅक्सल खाली लोंबतो, म्हणून त्याच्याखाली छोटा जॅक. डावीकडचा खालचा बोल्ट अर्धा तास हलला नाही, तेव्हा पान्याला पाईप लावून तुम्ही नुसते शेजारी बसून राहिलात. मध्ये बोलला नाहीत, पाना मागितला नाहीत. तो "कट्ट" करून सुटला तेव्हा माझे हात थरथरत होते. जुना शॉकप हातात घेऊन दांडा दाबला तर लोण्यात बोट जावं तसा आत गेला. नवा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण वरखाली केला, आतली हवा वर निघून जावी म्हणून, तेव्हा कुठे कळलं की शॉकप कसा लागला पाहिजे.

आणि शेवटचं आवळणं! चाकं लोंबत असतानाच मी बोल्ट करकचून आवळायला निघाले होते. तुम्ही नुसते टेकवून ठेवायला लावलेत, गाडी चाकांवर उतरवली, मागे दोनदा दाबून हलवली आणि मग आवळायला सांगितलंत. लोंबत्या अवस्थेत आवळलं तर बोल्टाभोवतीचा रबराचा बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

माझा जोर वाढलेला पाहून तुम्ही आधीच हात जोडलेत: पुढच्या चाकांच्या शॉकपला घरी हात लावायचा नाही. तिथे स्प्रिंग शॉकपवरच दाबून बसवलेली असते, दाबून धरायच्या हत्याराशिवाय वरचा नट काढला तर ती माणसाच्या अंगावर सुटते. तुमच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसलं त्यावरून मी पुढे काही विचारलं नाही. पुढच्या चाकांचं काम निघेल तेव्हा गॅरेजमध्येच नेईन, शब्द देते.

पैशाचं नाव काढलं तर तुम्ही रागावलात. आईने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तेवढी घेतलीत.

तुमचा सतराचा रिंग पाना चादरीत गुंडाळून माझ्याकडेच आलाय. पुसून, तेल लावून ठेवलाय. परत आलात की फोन करा. त्या गुरुवारी मागच्या सीटवर आईशेजारी काकूंना आणि पुढे माझ्याजवळ तुम्हाला बसवून अक्कलकोटला न्यायचंय. आईने तसा नवसच बोललाय.

तुमची,
समोरच्या वाड्यातली