वसईच्या धर्मग्रामांचा इतिहास लिहून ठेवा

संपादक महोदय,

वसईचा इतिहास म्हटला की पोर्तुगीजांना वसई देणारा १५३४चा तह आणि १७३९ची चिमाजी आप्पांची स्वारी एवढ्यावरच आटोपतो. नंदाखाल, निर्मळ, पापडी, आगाशी या किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांतली, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्त्यांतली माणसं त्यात कुठेच नसतात. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून भीमाशंकरला, मेणवलीला गेल्या, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्या घंटांच्या आवाजावर ज्यांचा दिवस चालायचा, त्यांचं काय?

माझी आजी सामवेदी ही वसईची बोली बोलायची. बावखलावरच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावरच्या रहाटाची करकर, केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी, पानवेलीचे मळे, सगळं तिच्या बोलण्यात यायचं. ती गेली आणि तिचे कितीतरी शब्दही गेले. आम्ही कुणीच ते टिपून ठेवले नाहीत, याची फार खंत वाटते. आता बावखलंही भराभर बुजवली जात आहेत.

स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या), लग्नाच्या जुन्या नोंदवह्या, दफनभूमीतले झिजत चाललेले शिलालेख यांचे फोटो तातडीने काढायला हवेत. प्रत्येक धर्मग्रामातल्या तरुणांनी या सुट्टीत घरच्या म्हाताऱ्यांजवळ मोबाइल घेऊन बसावं आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावं.

– एक वाचक, वसई