पोर्टल व्हेनच्या फांद्या दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमच्या हाताखालची रेडिऑलॉजीची (सोनोग्राफी, सीटीची) पोस्टिंग संपली, आभार मानायचे मात्र राहून गेले. समोर येऊन बोलले असते तर 'बरं बरं, पुढची केस लाव' म्हणत तुम्ही विषय मिटवला असता. म्हणून हे उघड पत्र. मागून येणाऱ्या रेसिडेंट्सनीही ते वाचावे, एवढा स्वार्थ त्यात आहेच.

लिव्हरचे आठ सेगमेंट, म्हणजे आठ भाग, मला तोंडपाठ होते. ती विभागणी मांडणारा फ्रेंच सर्जन क्विनो, 1957, सगळे. पण सोनोग्राफीच्या पडद्यावरच्या करड्या लिव्हरवर कुणी सीमा आखून ठेवत नाही. तुम्ही म्हणालात, सीमा शोधू नकोस, रक्तवाहिनी धर आणि ती नेईल तिथे जा. आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनची फांदी सेगमेंटच्या पोटात शिरते, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी हिपॅटिक व्हेन दोन सेगमेंटांच्या बांधावरून जाते. या एका वाक्याने माझे पाठांतर कामाला लागले.

पोर्टल व्हेनच्या भिंती पांढऱ्या दिसतात आणि हिपॅटिक व्हेनच्या दिसत नाहीत, हे सगळेच शिकवतात. ध्वनिलहरी काटकोनात पडल्या तर हिपॅटिक व्हेनची भिंतही चकाकते, हे तुम्ही प्रोब (अंगावर फिरवायचे सोनोग्राफीचे यंत्र) माझ्याच हातात ठेवून दाखवलेत. भिंतीवर विसंबू नये. वाहिनी मागे मागे न्यावी, ती हायलमला, म्हणजे पोर्टल व्हेन लिव्हरमध्ये शिरते त्या दाराशी, पोचते की हृदयाकडे जाणाऱ्या इन्फिरिअर व्हेना केव्हाला, ते पाहावे. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या डॉप्लरचेही तसेच. बरगड्यांमधून पाहताना उजवी पुढची फांदी लाल आणि मागची निळी दिसली की नवशिक्याला वाटते, प्रवाह उलटला. खरे तर मागच्या फांदीतले रक्त लिव्हरच्या आतच चाललेले असते, फक्त प्रोबपासून दूर.

सगळ्यात जास्त आभार डाव्या फांदीसाठी. उरोस्थीच्या टोकाखाली प्रोब ठेवून तुम्ही तो जरासा वर कलवायला लावलात. आधी आडवी जाणारी डावी पोर्टल व्हेन एकदम पुढे वळते; तो तिचा अंबिलिकल भाग. त्यातून एका बाजूला सेगमेंट 2 आणि 3 च्या फांद्या, दुसऱ्या बाजूला 4 च्या. या फांद्यांचा आडवा पडलेला इंग्रजी एच पडद्यावर उमटला तेव्हा तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला तो मोजू दिलात. मग सांगितलेत की गर्भात नाळेतून येणारे रक्त इथेच येऊन मिळते. जन्मानंतर त्या वाहिनीचा दोर होतो, तो लिगामेंटम टेरिस. पोर्टल हायपरटेन्शनमध्ये, म्हणजे पोर्टल व्हेनमधला दाब वाढल्यावर, त्या दोराशेजारची वाट उघडते आणि रक्त बेंबीकडे वाहू लागते. तेव्हापासून प्रत्येक सिरोसिसच्या (लिव्हर कडक होण्याच्या आजाराच्या) पेशंटमध्ये माझा प्रोब आपसूक तिथे जातो.

आणि वेगळ्या ठेवणीच्या केसेस! पोर्टल व्हेनचे थेट तीन फांद्यांत फुटणे, किंवा उजवी मागची फांदी मुख्य वाहिनीतूनच आधी निघणे, हे काही दुर्मीळ नाही. पण दुभाजनच नसलेला तो सीटी मी विसरणार नाही. हायलमपाशी डावी फांदी नाहीच. मुख्य वाहिनी उजवीकडे शिरते आणि लिव्हरच्या आतून वळसा घेऊन डावीकडे येते. उजवी समजून ती बांधली तर सगळ्या लिव्हरचा पोर्टल पुरवठा जाईल. सर्जनने विचारले नसले तरी फांद्यांची ठेवण रिपोर्टमध्ये लिहायचीच, हा तुमचा हट्ट तेव्हा पटला. लिव्हरदात्याच्या सीटीत किंवा एम्बोलायझेशनच्या (फांदी मुद्दाम बंद करण्याच्या) आधी तर ते पहिल्या ओळीतच हवे, असे आता माझे मत आहे. (तुम्ही ते शेवटी लिहिता. असो.)

रुग्णांची नावे काढून जमवलेला तुमचा केसेसचा फोल्डर मला वापरू दिलात, त्याचेही आभार. नव्या बॅचला तोच दाखवते आहे. सीटी आधी पोर्टल फेजमध्ये, म्हणजे वाहिन्या उजळवणारे कॉन्ट्रास्ट शिरेतून दिल्यावर साधारण 70 सेकंदांनी घेतलेला, वरपासून खालपर्यंत सरकवायचा. फांद्यांची नावे त्यांनी घ्यायची, मी गप्प बसायचे. गप्प बसणे अवघड जाते.

लिव्हरच्या मागच्या कॉडेट भागाला मात्र तुम्ही फार कमी वेळ दिलात. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी फांद्या घेणारा, आपले रक्त थेट व्हेना केव्हात सोडणारा तो सेगमेंट 1 मला अजून पुरता वश झालेला नाही. त्याचे आभार तो शिकवल्यावर मानीन.

तुमची,
एक माजी रेसिडेंट