माकडतापाचा अभ्यास पुन्हा रानात जायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावरे आणि रान यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार करणारी ही संस्था महाराष्ट्रात होत आहे, याचा गुराढोरांवर उपचार करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या निवृत्त पशुवैद्यकाला मनापासून आनंद आहे. मात्र या संस्थेचे एक कायमस्वरूपी क्षेत्रीय केंद्र सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात, शक्यतो सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात असावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. या मागणीला आधार आहे तो साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पुण्यातील विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी माकडताप या गोचीडजन्य रोगावर रानात बसून केलेल्या संशोधनाचा.

१९५७ च्या आरंभी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात वानरे मरून पडू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणू लागली. १९५२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे, त्या वेळचे संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी तेथे पोहोचले, तेव्हा पहिली शंका पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, होती. हा रोग भारतात नव्हता, पण तो पसरवणारा डास मात्र येथे होता, त्यामुळे ती शंका खरी ठरली असती तर देशावर मोठे संकट ओढवले असते. मृत वानरे, आजारी माणसे आणि गोचिडी या तिन्हींमधून एक नवाच विषाणू हाती लागला, आणि तो रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूंच्या कुळातला निघाला. त्या एका वर्षात ४६६ माणसांना या रोगाची बाधा झाल्याची नोंद आहे. कन्नड मुलखात त्याला मंगन कायिले म्हणतात आणि आपल्याकडे माकडताप. हे नाव चुकीची समजूत करून देते, असे मला नेहमी वाटत आले आहे. वानर हा या रोगाचा पहिला बळी असतो आणि माणसाला रोग होतो तो गोचीड चावल्याने.

रशियाशी असलेले हे नाते लक्षात आल्यावर, सायबेरियाकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांनी विषाणूग्रस्त गोचिडी आणल्या असाव्यात, असा तर्क मांडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत ओळखीची कडी घालण्याचे जे मोठे काम हाती घेतले, त्यामागे हाही प्रश्न होता. परंतु उत्तर पक्ष्यांकडून मिळाले नाही.

ते बरेचसे मिळाले होर्हे बोशेल या कोलंबियाच्या शास्त्रज्ञाच्या कामातून, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण त्यांचीच कामाची पद्धत आहे. कोलंबियातील जंगलांत झाड कोसळताच शेंड्यावरचे निळे डास खाली येऊन लाकूडतोड्यांना घेरतात, हे त्यांनी स्वतः पाहिले होते आणि रानातला पीतज्वर माणसापर्यंत कसा येतो याचा धागा त्यातून हाती लागला होता. तीच नजर घेऊन ते १९६० च्या दशकात शिमोग्याच्या रानात आले. पी. के. राजगोपालन यांच्यासारख्या तरुण भारतीय कीटकशास्त्रज्ञांसह या चमूने त्याच जिल्ह्यातील सागर तालुक्याच्या परिसरात वर्षानुवर्षे जंगलातून गोचिडी गोळा केल्या, उंदीर, चिचुंद्री आणि पक्षी तपासले, मेलेल्या वानरांच्या भोवतालची जमीन धुंडाळली. रोग्यांची संख्या मोजून हे काम थांबले नाही. गाव, गुरे आणि जंगल यांचा परस्परसंबंध त्यातून उलगडत गेला.

१९६९ मध्ये बोशेल यांनी मांडलेला विचार आम्हा पशुवैद्यकांना चटकन पटणारा आहे. जंगल तोडून शेती वाढली, तशी गुरे जंगलाच्या कडेला आणि आत चरू लागली. या रोगाची मुख्य वाहक असलेली गोचीड पावसाळ्यात पूर्ण वाढीची असते आणि तेव्हा ती गुरांवर पोसते. गाईच्या रक्तावर पोट भरलेली मादी जमिनीवर गळून असंख्य अंडी घालते. गाईला या विषाणूचा म्हणण्यासारखा त्रास होत नाही आणि तिच्यामुळे विषाणूही फारसा वाढत नाही, पण गोचिडींची संख्या मात्र बेसुमार वाढते. पावसाळा सरता सरता अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले उंदरांवर, पक्ष्यांवर आणि वानरांवर चढतात. वानराला लागण झालेली असेल तर विषाणू या पिल्लांत शिरतो, आणि वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी त्याच जागी पसरतात. डिसेंबर ते मे या काळात या पिल्लांचीच वाढून झालेली अर्धवाढ गोचीड, डोळ्यांना जेमतेम दिसणारी, माणसाला चावते. आपल्याकडे नेमके याच दिवसांत लोक सरपणाला, पातेरा गोळा करायला आणि पुढे काजू वेचायला रानात जातात.

या विचाराची प्रचीती पुढे फार वेदनादायक रीतीने आली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजू लागवडीसाठी जुने जंगल साफ करण्यात आले आणि त्यानंतर तेथे जी साथ उसळली तिने हजाराहून अधिक लोकांना गाठले. २०१२ नंतर हा रोग बंडीपूर, निलगिरी आणि वायनाडमध्ये दिसला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये दोडामार्गात आला, मग सावंतवाडी तालुक्यातील बांद्याच्या परिसरात. ब्रिटनमधील संशोधक डॉ. बेथन पर्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही सांगतो की, जंगल आणि बागायत जेथे एकमेकांत मिसळलेली आहेत आणि गावठी गुरे दाट आहेत, तेथे धोका अधिक असतो. काजूच्या आणि रबराच्या बागांनी जंगलाचे तुकडे पडलेला आमचा मुलूख ज्याने पाहिला आहे, त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. एका गावातून वानर मरून पडल्याचा निरोप आला. वानर वन्यप्राणी असल्याने पंचनामा एका खात्याचा, शवविच्छेदन दुसऱ्याचे आणि गावातल्या तापाच्या रुग्णांचे रक्त तिसऱ्याकडे. कोणी काय करायचे हे ठरेपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि त्या उन्हात शवाची जी अवस्था झाली होती, तिच्यातून उपयोगी नमुना मिळण्याची आशा उरली नव्हती. ज्या जागेवर त्याच दिवशी गोचीडनाशकाची फवारणी व्हायला हवी होती आणि माणसांची ये-जा थांबायला हवी होती, तेथून सकाळी बायका सरपणाचे भारे घेऊन गेल्या. त्या वेळी मलाही यापेक्षा अधिक काही करता आले नाही, याची खंत आजही आहे.

क्षेत्रीय केंद्र असावे ते यासाठी. मेलेल्या वानराचा निरोप घेणारा एकच दूरध्वनी, तिन्ही खात्यांची माणसे एका छताखाली, आणि ऑक्टोबरपासूनच ठरावीक पायवाटांवर कापड ओढून गोचिडी गोळा करणारे व त्या तपासायला पाठवणारे प्रशिक्षित कर्मचारी तेथे असावेत. पुण्यात सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा आहे, तेव्हा तपासणीचे ज्ञान आपल्याकडे आहेच. रानातून वेळेवर आणि शास्त्रीय रीतीने नमुना पोहोचवणारे हात नाहीत. गुरांच्या गोचीड नियंत्रणाचे वेळापत्रक पशुसंवर्धन खात्याने रोगाच्या हंगामाशी जोडले, तर गावात किती फरक पडतो, हेही अशा केंद्रालाच काही वर्षे मोजून सांगता येईल.

कर्नाटकात १९९० पासून दिली जाणारी लस पुरेसे संरक्षण देत नसल्याने अलीकडे बंद झाली असून नव्या लसीवर काम सुरू आहे. ती येईपर्यंत अंगभर कपडे, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल आणि रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, एवढेच माणसाच्या हातात आहे. ताप, असह्य अंगदुखी आणि हिरड्यांतून रक्त येणे, असे घेऊन आलेल्या रुग्णाला ‘रानात गेला होता का’ हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्रातच विचारला जावा, कारण या रोगावर नेमके औषध नाही आणि वेळेवर मिळालेल्या शुश्रूषेनेच रुग्ण वाचतो.

नागपूरच्या संस्थेच्या आराखड्यात दोडामार्गच्या केंद्राचा समावेश व्हावा, यासाठी सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी राज्य व केंद्र शासनाकडे लेखी मागणी करावी आणि आपल्या दैनिकाने तिचा पाठपुरावा करावा, ही विनंती. गोवा शासनानेही त्यात सहभागी व्हावे, कारण सत्तरीचे आणि दोडामार्गचे रान एकच आहे.

– एक निवृत्त पशुवैद्यक, सावंतवाडी